पिंपरीचा पगार, नगरची भाकरी

पिंपरी-चिंचवडच्या मराठी ख्रिस्ती घरात ‘मूळचे कुठले?’ असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर यायचं, ‘नगरकडचे.’ मग तालुका निघायचा. नेवासा, शेवगाव, राहुरी, श्रीरामपूर, पारनेर. कुणी वडाळा मिशनचे, कुणी थेट नगरच्या पहिल्या मंडळीतले. आडनाव ऐकलं की आजी गाव सांगायची आणि गाव कळलं की सोयरीक जोडून दाखवायची. आम्ही मुलं इथलीच, खराळवाडी, नेहरूनगर, मोहननगर, आकुर्डी अशा वस्त्यांत वाढलेली. तरी ‘गावाला चाललो’ म्हणजे नगरलाच. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं आहे, आमच्या आईवडिलांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत नगरच राहिलं.

आमचे वडील साठ-सत्तरच्या दशकांत इकडे आले. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने इथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. पुढे आकुर्डीला बजाज आली, पिंपरीला टेल्को आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारी वर्कशॉप्स भोसरीपर्यंत पसरली. मिशनच्या बोर्डिंगात राहून शाळा शिकलेला, थोडंफार इंग्रजी वाचणारा, हाताला सुतारकीचं किंवा लोहारकीचं वळण असलेला पोरगा या गेटवर उभा राहिला, तर आत जाण्याची शक्यता होती. सरकारी नोकरीची वाट त्याच्यासाठी अरुंद झालेली होती. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या महार-मांग घरांना मिळत नव्हत्या. गावातल्या पाटलाच्या लेखी मात्र ती घरं महार-मांगच होती. म्हणून कंपनीचा भोंगा आमच्या घरांना नुसता पगाराचा वाटत नसे. इथे बिल्ला नंबर होता, जात कुणी पुकारत नव्हतं.

एकाने दुसऱ्याला आणलं. एक जण कामाला लागला की त्याच्या खोलीत चार वळकट्या वाढायच्या. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून जागा पुरायची. रात्रपाळीवाला येऊन आडवा होईपर्यंत पहिल्या पाळीवाल्याची वळकटी गुंडाळलेली असे. आई सांगायची, ‘लग्न होऊन आले तर घरात दीरच दीर, आणि सख्खा त्यात एकच.’ स्टोव्ह एक, परात मोठी, आणि भाकरी मोजून करायची सोय नाही. 1972 च्या दुष्काळात तर ही खोली म्हणजे निम्म्या गावाचा आसरा झाली. गावाकडे म्हातारी माणसं खडी फोडत होती, सुकडी आणि मिलो खात होती. इकडून महिन्याला मनीऑर्डर जायची आणि तिकडून येणाऱ्या पोस्टकार्डात पावसाआधी कुणाच्या तरी मुलाची चौकशी असायची, की ‘त्याला कुठं चिकटवता येईल का?’

या पिढीने समृद्धीविषयी जे काही शिकवलं, ते प्रवचनातून कमी आणि पगाराच्या दिवशी जास्त. सात तारखेला पप्पा घरी येऊन पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायचे. आई ते टेबलावर ठेवायची, हात पुसायची, सगळ्यांना बसवायची. छोटी प्रार्थना व्हायची. मग नोटा निघायच्या आणि त्यांचे ढीग व्हायचे. पहिला दशांशाचा, मंडळीच्या छापील पाकिटात. दुसरा मनीऑर्डरचा. तिसरा दुकानदाराच्या उधारीचा, चौथा भिशीचा. उरलेल्यात महिना. दशांश देण्याबद्दल वाद नव्हता, मोजण्याबद्दल मात्र दर काही महिन्यांनी पेटायचा. पीएफ कापायच्या आधीच्या रकमेवर द्यायचा की हातात आलेल्यावर? ओटीवर, म्हणजे ओव्हरटाइमवर, लागतो का? पप्पा म्हणायचे, ओटी म्हणजे माझी झोप आहे, तिचा दशांश देवाने आधीच घेतला. आई हसायची आणि ओटीचाही काढून ठेवायची.

बोनस दिवाळीला यायचा. चाळीत सगळीकडे खरेदी चाललेली, आणि आमचा बोनस नाताळपर्यंत डब्यात. त्या दोन महिन्यांत डब्याला किती जण हात लावायचे! गावाकडच्या कुणाचं ऑपरेशन निघे आणि त्याला नगरच्या बूथ हॉस्पिटलात ठेवलेलं असे. कुणाच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची असे. डिसेंबर उजाडेपर्यंत कापडाचा तागा एकच उरायचा आणि भावंडांना एकाच छापाचे कपडे शिवले जायचे. करंज्या आणि शंकरपाळे मात्र भरपूर, कारण दिवाळीत शेजारच्यांच्या घरून ताटं आलेली असायची आणि ती रिकामी परत करायची नसायची.

यात त्यागाचा आव नव्हता. त्यांनाही हवं होतं, चांगलंच हवं होतं. 1972 साली चेतक बाजारात आली. आमच्यातल्या कित्येकांचे वडील ज्या लाइनवर स्कूटर जुळवत, ती स्वतःला घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. घरात चेतक आली त्या दिवसाची आठवण आमच्या पिढीत प्रत्येकाला आहे. नारळ फुटला नाही. पाळकसाहेब आले, हँडलवर हात ठेवून प्रार्थना केली आणि शेजारच्या काकूंनी आणलेला झेंडूचा हार तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवसापासून ती स्कूटर निम्मी वस्तीची झाली. अडलेल्या बाईला दवाखान्यात नेणं, घरसभेला पेटी पोचवणं, मयत झाली की नगरच्या गाडीवर माणूस सोडणं. पप्पा कुरकुरायचे, पण पेट्रोल भरून ठेवायचे.

मात्र या घरांत एक कडक शिस्त होती आणि तिचं मूळ आम्हाला फार उशिरा उमगलं. देवाने काय दिलं याची साक्ष पैशांत द्यायची नाही. घरसभेत साक्षी व्हायच्या. आजारातून उठलो, दारू सुटली, भावाभावांत समेट झाला, हे सगळं चाले. पण एकदा एका काकांनी उभं राहून सांगितलं की, नेमाने दशांश दिला म्हणून प्रभूने मला चार्जमन केलं. खोली गप्प झाली. कोपऱ्यातली एक आजी, गुडघ्यावर पदर ओढून बसलेली, म्हणाली, ‘अन् त्या दुसऱ्याला नाही केलं, त्यानं काय कमी दिलं होतं व्हय रं बाबा?’ तो दुसरा तिथेच बसला होता. काकांनी मान खाली घातली आणि पाळकसाहेबांनी घाईने गाण्याचा नंबर सांगितला.

त्या आजीचा राग समजायला मागे जावं लागतं. 1876-78 आणि पुन्हा 1899-1900 च्या दुष्काळांत नगर जिल्हा होरपळला. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 पासून होतं. त्यांनी कामं काढली, धान्य वाटलं, अनाथ मुलं सांभाळली, आणि दुष्काळाच्या मागोमाग बाप्तिस्मेही पुष्कळ झाले. तेव्हापासून ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा आमच्या मागे लागला. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांना भाकरीइतकीच माणूसपणाची भूक असेल, हे टोमणा मारणाऱ्यांच्या डोक्यात आलं नाही. चार पिढ्या आमची माणसं सांगत राहिली की आमचा विश्वास हा व्यवहार नाही. दुष्काळ सरला, धान्य बंद झालं, मिशनऱ्यांचा पैसा आटला, तरी आम्ही प्रार्थना सोडली नाही, हाच त्यांचा पुरावा. म्हणून विश्वास ठेवला आणि पैसा मिळाला असं आपल्यातलाच कुणी बोलला, की त्यांना तो जुना टोमणा आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकल्यासारखा वाटायचा.

त्यांच्यापुढे उदाहरणं होती तीही याच वळणाची. नारायण वामन टिळक आमच्या घरांत कवी म्हणून कमी आणि घरातले वडीलधारे म्हणून जास्त ओळखीचे होते. त्यांच्या हातात पैसा टिकायचा नाही आणि लक्ष्मीबाईंना संसार ओढावा लागायचा, हे ‘स्मृतिचित्रे’ न वाचलेल्या आयांनाही ठाऊक होतं. 1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. आमच्या पुरुषांना यात संतपण दिसे. बायका मात्र विचारायच्या, ‘अन् किराणा कोण आणत होतं?’ दोन्ही बाजू घरात नांदत होत्या आणि मला वाटतं, त्यातली बायकांची बाजू घराला अधिक उपयोगी पडली. दुसरं उदाहरण डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळ्यांचं. परदेशात शिकलेला माणूस, पण 1947 साली नगरला परत येऊन त्याने अहमदनगर कॉलेज काढलं. ‘शिकून मोठा झाला’ असं कुणाबद्दल म्हटलं की आमच्याकडे लगेच पुढचा प्रश्न यायचा, ‘मग केलं काय त्यानं?’

हंगामाच्या सणाची मौज सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. गावाकडे या सणाला लोक पहिलं पीक देवळात आणून वेदीपुढे ठेवायचे. पिंपरीत हंगाम कुठला? तरी सण व्हायचाच. गावाहून एसटीने आलेली पायलीभर बाजरी, क्वार्टरच्या मागे लागलेली पपई, कोंबडीची अंडी, लोणच्याची बरणी, आणि एखाद्या अप्रेंटिसने विकत आणलेल्या भंगार पितळेतून लेथवर काढलेली मेणबत्तीची बैठक. उपासना झाली की लिलाव. बोली लावणारे सगळे पगारदार, एकमेकांची बेसिक पाठ असलेले. एकच भोपळा चार-चार वेळा विकला जायचा, कारण घेणारा पैसे देऊन तो पुन्हा लिलावाला परत करायचा. आम्ही मुलं त्या भोपळ्यावर पैजा लावायचो. शेवटी तो बहुतेक करून एखाद्या विधवा बाईच्या पिशवीत जायचा, आणि कुणी पाठवला याची चौकशी करायची नसायची.

इतकं सगळं चांगलं आठवतं म्हणून ती माणसं देवदूत होती असं नाही. पुढच्या बाकावर कोण बसतं, यात सुपरवायझर आणि हेल्पर असा भेद होताच. लग्न जुळवताना ‘परमनंट आहे ना?’ हा प्रश्न बाप्तिस्म्याच्या आधी यायचा. पगाराच्या संध्याकाळी काही पाकिटं घरी पोचायच्या आत गुत्त्यावर फुटायची आणि त्या घरातली बाई रविवारी डोळे सुजलेली यायची. मंडळी तिला धीर धरायला सांगायची, नवऱ्याला काही विचारायची नाही. समाधानाचा उपदेश तर मुलींच्या वाट्याला जरा जास्तच आला. भावाला डिप्लोमा आणि बहिणीला ‘आहे त्यात सुखी रहा’. त्यातल्या ज्या मुली नर्सिंगला गेल्या, त्यांनी पुढे आईबापांची दुखणी काढली, भावांचे हप्तेही भरले. आमच्या घरांतली खरी बरकत पुष्कळदा त्या पांढऱ्या युनिफॉर्ममधून आली, आणि आभाराच्या प्रार्थनेत त्या मुलींचं नाव मात्र शेवटी आलं.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि तिच्यासोबत नवं प्रवचन आलं. सुटाबुटातले प्रचारक, मोठा स्टेज, अमेरिकन ढंगाचं बोलणं आणि खाली भाषांतर. त्याचा मथितार्थ असा की तुम्ही राजाची लेकरं आहात, मग गरिबीत का राहता? बी पेरा, म्हणजे देणगी द्या, आणि शंभरपट कापा. हळूहळू इथल्या हॉलमधल्या सभांतही तेच मराठीतून ऐकू येऊ लागलं. मोटारींच्या मागच्या काचेवर वचनं आली. आमच्यातले काही जण तिकडे गेले, काही चिडले, बहुतेकांनी सकाळी जुन्या मंडळीत आणि संध्याकाळी नव्या सभेत अशी दोन्हीकडे हजेरी लावली. जगभरातल्या ख्रिस्ती लोकांतही यावर वाद झडला. 2010 साली केपटाउनला भरलेल्या लोझान परिषदेच्या जाहीरनाम्यात या समृद्धीच्या शिकवणीला स्पष्ट नकार दिला गेला. आमच्या आजीने तो बारा-पंधरा वर्षं आधी टीव्ही बंद करून दिला होता.

गंमत अशी की काचेवरची वचनं ज्या पत्रांतून उचललेली असतात, ती पत्रं आमच्या वडिलांना शेजारच्या घरातली वाटली असती. मला ख्रिस्ताच्या बळावर सगळं जमतं, या अर्थाचं पौलाचं वचन यशाचा मंत्र म्हणून चिकटवतात. पण तो ते कैदेतून लिहितोय, आणि त्याच्या आधी म्हणतोय की भरल्या पोटी कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं, दोन्ही मी शिकलोय. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला मदत पाठवली होती. ते पत्र म्हणजे मनीऑर्डरची पोच आहे. यिर्मयाचं भवितव्याबद्दलचं वचनही तसंच. ते बाबेलला हाकलल्या गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्यांना तो सांगतो की घरं बांधा, मळे लावा, ज्या शहरात जाऊन पडलात त्याचं भलं मागा, आणि परतायला सत्तर वर्षं लागतील. ऐकणाऱ्यातल्या बहुतेकांना ते परतणं दिसणार नव्हतं. गाव सोडून पिंपरीत आलेल्या, इथेच घर बांधलेल्या आणि गावची जमीन पुन्हा न पाहिलेल्या माणसांना यातलं काय कळलं नसतं?

असं असलं तरी नव्या सभेतल्या तरुणांना हसायचा आम्हाला अधिकार नाही. आमच्या आईवडिलांचं समाधान श्रद्धेतून आलं होतं हे खरं, पण त्याला परमनंट नोकरीचा टेकू होता. पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआयचं कार्ड, कँटीनचं जेवण, युनियनने भांडून आणलेला करार, आणि निवृत्तीच्या पैशातून चिखली-यमुनानगरला घेतलेली खोली. हे पाठीशी असलं की ‘उद्याची चिंता करू नका’ हे म्हणायला सोपं जातं. संपाच्या दिवसांत हा टेकू हलला, तेव्हा मंडळीतही दोन तट पडले होते आणि एकमेकांच्या घरी डाळ-तांदूळ पोचवणारे हातही तेच होते. पण संप मिटला की भोंगा पुन्हा व्हायचा.

आता कारखानदारीचा जोर चाकणकडे सरकला आहे. आकुर्डीतलं स्कूटर-मोटारसायकलींचं उत्पादन 2007 साली थांबलं. त्याच सुमारास चाकणला फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीज यांचे कारखाने उभे राहत होते. आज महाळुंगे, नाणेकरवाडी, खराबवाडीच्या खोल्यांत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांत आमच्या नात्यातली पोरंही आहेत. डिप्लोमा आहे, हातात कसब आहे, पण या पट्ट्यात कामावर घेणारा बहुधा कंत्राटदार असतो. काही महिने झाले की ब्रेक. मग नवा कंत्राटदार, नवा गेटपास, पगार पुन्हा पहिल्या पायरीवर. अशा पोराला रविवारी कुणी सांगितलं की हे वर्ष तुझ्या बढतीचं आहे, तर तो हात वर करणारच. त्याच्या वडिलांना हेच आश्वासन कंपनीच्या नेमणूकपत्राने दिलं होतं. त्याला ते फक्त स्टेजवरून मिळतं. आणि बढती आली नाही की तो कंत्राटी पद्धतीला दोष देत नाही, स्वतःच्या विश्वासाला देतो. मला त्या शिकवणीचं सगळ्यात वाईट हेच वाटतं. गरिबाकडून देणगी घेतली जाते, ते एक. वर गरिबीचा ठपकाही त्याच्याच प्रार्थनेवर ठेवला जातो.

आमच्या आईवडिलांनी असा ठपका कुणावर ठेवला नाही. काम नसलेला पोरगा म्हणजे कमी विश्वासाचा पोरगा, असं त्यांच्या डोक्यात आलं नाही. तो म्हणजे आणखी एक वळकटी आणि चार भाकरी जास्त, इतका सरळ हिशेब होता. तेव्हा त्यांचं नाव घेऊन समाधानावर भाषण करण्यापेक्षा त्यांनी केलं ते करणं बरं. चाकणच्या वाटेवरच्या मंडळ्यांनी महिनाभर पोरांना उतरायला एक हॉल मोकळा ठेवावा. निवृत्त झालेल्या काकांपैकी ज्यांना पीएफचे फॉर्म आणि कंत्राटाची कलमं कळतात, त्यांनी उपासनेनंतर एक टेबल मांडून बसावं. आणि घरसभेत कुणी नोकरीसाठी प्रार्थना मागितली, तर आमेन झाल्यावर चहा येईपर्यंत त्याचा बायोडेटा मागून घ्यावा. आमच्या वडिलांना कंपनीत चिकटवलं होतं ते अशाच एका घरसभेतल्या माणसाने, दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जाताना त्यांचा अर्ज खिशात घालून.